सारिका गोळ्या खात होती

हे मी आजपर्यंत कुणापाशी बोलले न्हाई. नवऱ्यापाशी न्हाई, लेकीपाशी न्हाई, ज्या नर्सबायांसोबत इतकी वर्षं डबा खाल्ला त्यांच्यापाशीपण न्हाई. तुम्हाला सांगून राह्यले, कारण — कारण-बिरण काही न्हाई. सांगायचंय. मधेच अडखळले तर अडखळू द्या. आणि एक आधीच बजावते. ऐकून झाल्यावर "तुमचा हेतू चांगला होता" असं म्हणू नका. लोक म्हणतात, सवयीनं. मला संताप येतो. माझा हेतू काय होता ते मला माहितय. तुम्हाला कुठून माहीत असणार?

मी सिस्टर होते. सरकारी उपकेंद्राची नर्स. वडीगोद्रीच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की एक गाव लागतं — नाव घेत न्हाई — तिथं माझी एकोणीस वर्षं गेली. दोन खोल्यांचं उपकेंद्र, मागं माझं क्वार्टर, दारात एक लिंबाचं झाड. लसी, बाळंतपणं, ताप-खोकला, आणि गोळ्या. गोळ्या म्हणजे लाल गोळ्या. रक्तवाढीच्या. लोखंडाच्या गोळ्या म्हणतात बाया त्यांना, आणि खरंच लोहाच्याच त्या, सोबत फॉलिक ॲसिड. गरोदर बाई आली की बोटाला सुई टोचायची, रक्त किती आहे बघायचं, कार्डावर लिहायचं आणि पाकीट हातात द्यायचं. चहावर घेऊ नको, लिंबू पिळून घे, गूळ-शेंगदाणे खा. हे मी झोपेतपण म्हणू शकते.

गोळ्या चांगल्याच आहेत. हे मी आजपण म्हणते. त्या गोळ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी बाया उभ्या राहिल्या. पण बाया त्या फेकतातपण. मळमळतं, पोट घट्ट होतं, शौचाला काळं होतं, सासू म्हणते पोरगं काळं होईल. उकिरड्यात, मोरीत, कडब्याच्या गंजीमागं मी माझ्या हातानं त्या गोळ्या वेचल्यात. म्हणून आम्हा सगळ्यांचं एक वाक्य ठरून गेल्तं. आरोग्य केंद्राच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं की ह्या बाईचं रक्त का वाढत न्हाई, तर म्हणायचं — "बाई गोळ्या खात न्हाई, साहेब." संपलं. पुढचा प्रश्न येत न्हाई. सगळे मान हलवतात, कुणीतरी हसतं, पुढच्या गावाचं नाव पुकारलं जातं.

काय वाक्य आहे बघा! किती सोयीचं! त्यात डॉक्टरची चूक न्हाई, नर्सची चूक न्हाई, गोळीची चूक न्हाई. जी खोलीत हजर न्हाई तिची चूक. आज कुणी ते वाक्य माझ्यासमोर बोललं ना, तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण मी ते किती वेळा बोलले? आणि एकदा — एकदा तर ते खोटं आहे हे पक्कं माहीत असून बोलले.

सारिका लग्न होऊन आली तेव्हा विशीची असेल. माहेर भोकरदनकडचं. नवऱ्याचं हायवेला टायर-पंक्चरचं दुकान, घर मात्र गावाबाहेर, शेतवस्तीवर, उपकेंद्रापासून दीड किलोमीटर. अंगानं बारीक. गालाची हाडं वर आलेली, वरचे दात जरा पुढं, डोळ्यांत पिवळसर झाक. आता मला त्या चेहऱ्यातली प्रत्येक खूण वाचता येते. तेव्हा मला एवढंच दिसलं की बाई अशक्त आहे आणि बोलायला सरळ आहे. फार सरळ. सिस्टरशी बोलताना बाया जमिनीकडं बघतात, ही डोळ्यांत बघायची.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सासू तिला घेऊन आल्ती. रक्त सात; निदान अकरा तरी पाहिजे. मी दोन टाइम गोळी चालू केली. महिन्यानं पाहिलं — सात. आणखी एक महिना — सातच.

"खातेस का गोळ्या?"

"खाते की सिस्टर. सकाळ-संध्याकाळ."

"खोटं बोलू नको."

"कशाला बोलू?" असं म्हणाली. "कशाला बोलू?" — उद्धटपणानं न्हाई, खरोखर विचारल्यासारखं. मला ते आवडलं न्हाई. तिला कुणी शिकवलं सिस्टरला उलट विचारायला? त्याच आठवड्यात मीटिंग होती. साहेबांनी कार्ड पाहून विचारलं, ही सातवरच का अडकलीय? मी ठरलेलं वाक्य बोलून मोकळी झाले.

इथपर्यंत, समजा, तुम्ही मला माफ कराल. इथपर्यंत मला खरंच तसं वाटत होतं. पुढचं ऐका.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत पंधरा-वीस बाया जमल्या होत्या, पोरं रडून राह्यली होती, आणि सारिका वजनकाट्यापाशी उभी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही बघा. सरकार फुकट गोळ्या देतं आणि ही उकिरड्याला खाऊ घालते. उद्या बाळंतपणात काही झालं की मंग सिस्टरच्या नावानं बोंब." बाया हसल्या. कुणी पदर तोंडाला लावून, कुणी तशाच. मला वाटलं ही आता रडेल, मान खाली घालेल, आणि बाकीच्यांना बराबर धाक बसेल. तिनं मान खाली घातली न्हाई. म्हणाली, "सिस्टर, मी खाते. तुम्हाला खरं वाटत न्हाई तर तुमच्यासमोर खाते. रोज येते."

ती मी दिलेली शिक्षा न्हव्हती, तिनंच पुढं केलेली गोष्ट होती. पण मी ती हिसकावून घेतली आणि शिक्षा करून टाकली. "ये मंग. रोज साडेआठला. एक दिवस चुकलीस तर तुझ्या नवऱ्याच्या दुकानावर येऊन सांगेन." मला तिच्या वस्तीवर जाता आलं असतं, माझ्याकडं स्कूटी होती. पाचव्या महिन्याची बाई, रक्त सात, तिला मी दीड किलोमीटर चालत बोलावलं.

एवढ्यावर थांबले का? न्हाई. तिच्या सासूला बोलावून सांगितलं, हिला माहेरी धाडू नका, तिकडं लाड होतात, तिकडं गोळ्या सुटतात. सासूला तेच हवं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, सगळ्या पोरींचं असतं. सारिकाचं झालं न्हाई. आई न्यायला आल्ती तर सासूनं तिला दारातून परत पाठवलं — सिस्टर न्हाई म्हणती म्हणून. माझं नाव घेऊन. ती माउली उपकेंद्रावरून गेली, दारात लिंबाखाली थोडी थांबली, मी आत रजिस्टर लिहून राह्यले होते. मी बाहेर आले न्हाई. ती काय सांगायला थांबली होती ते मला सात वर्षांनी कळलं. त्याकडं येते.

तो महिना. तीस दिवस. सारिका रोज आली. रविवारी क्वार्टरवर आली. पोळ्याच्या दिवशी आली. मी खुर्चीत बसायचे, ती समोर उभी. मी गोळी द्यायचे, ती गिळायची, मंग मी म्हणायचे, "तोंड उघड. जीभ वर कर. गालात बघू." लहान लेकरासारखं — न्हाई, लेकरासारखं न्हाई, चोरासारखं. माझी डायरी होती, तिच्यात रोज एक बरोबरची खूण करायचे. एकदा तिला दारातच उलटी झाली. मी म्हटलं, ही गेली, दुसरी घे. तिनं घेतली. डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या, रडण्याचं न्हव्हतं, उलटीचं होतं. तोंड पुसून तिनं तोंड उघडलं आणि जीभ वर केली. मी न सांगता.

महिना झाला. मी बोटाला टोचलं. सात होतं ते पावणेसात झाल्तं.

मी दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. तेच. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. "वाढलं का सिस्टर?"

"बघू," म्हणाले मी.

आता नीट ऐका, कारण ही जागा मी इतकी वर्षं झाकून ठेवलीय. मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं — बाईनं महिनाभर गोळ्या नीट खाल्ल्या आणि तरी रक्त वाढलं न्हाई, तर रक्त कमी असण्याचं कारण दुसरं आहे, तिला पुढं पाठवा, तपासणी करा. एवढं सोपं. परीक्षेत मी हे लिहून आले होते. माझ्यासमोर बाई उभी होती जिनं तीसच्या तीस दिवस माझ्या डोळ्यांदेखत गोळी गिळली, आणि रक्त तसूभर वाढलं न्हव्हतं. मला फक्त हे एक वाक्य डॉक्टरला सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. सारिका बाहेर वजनाच्या लाईनीत होती. आत बाईडॉक्टरनी कार्ड पाहिलं आणि विचारलं, "गोळ्या नियमित घेतल्या का हिनं?"

मी म्हणाले, "न्हाई मॅडम. फेकून देती. लई सांगितलं."

हे मी केलं. ही ती गोष्ट.

मॅडमनी कार्डावर लाल पेनानं लिहिलं, 'गोळ्या घेत नाही'. आणि मंग, बरोबरच आहे, जी बाई तोंडानं लोह घेत न्हाई तिला शिरेतून द्यावं लागतं, म्हणून सलाइनमधून लोह लिहून दिलं. मॅडमची काय चूक? मी सांगितलं त्यावरून त्यांनी अगदी योग्य तेच केलं. सारिका कॉटवर पडून होती, हाताला सुई, तांबड्या-काळ्या रंगाचं पाणी थेंब थेंब आत जात होतं, आणि मी शेजारी स्टुलावर बसून तिला म्हणत होते, "आता बघ कशी टवटवीत होशील."

का केलं? नोकरी जाणार होती? न्हाई. कुणी रागावणार होतं? तेपण न्हाई, उलट शाबासकी दिली असती, की सिस्टरनं बराबर ओळखलं. मंग? मला परत त्या अंगणवाडीत उभं राहून म्हणावं लागलं असतं, की बायांनो, माझी चूक झाली, ही पोरगी खरं बोलत होती. पाच मिनिटं. पाच मिनिटांची मान खाली. तेवढं मला जमलं न्हाई. त्यातून तिनं अंगणवाडीत माझ्या डोळ्यांत बघितलं होतं — ते माझ्या मनात ठुसठुसत होतं. मला जिंकायचं होतं. एका रक्त कमी असलेल्या, पोटुशा, माहेर तुटलेल्या पोरीशी माझी कुस्ती चालली होती, आणि ती मी जिंकले.

बाळंतपण पार पडलं. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. मुलगी झाली, वीतभर, पण जगली. मला वाटलं, झालं, संपलं. पण कार्ड संपत न्हाई. कार्ड बाईबरोबर फिरतं. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच कार्ड, पुन्हा तीच लाल ओळ, पुन्हा सलाइन. मधल्या काळात थकवा आला की खासगी डॉक्टर, तोही कार्ड बघायचा, म्हणायचा गोळ्या घ्यायला कंटाळा करता काय, घ्या इंजेक्शन. घरात वेगळंच. सासू चारचौघांत तिला 'गोळ्या फेकणारी' म्हणायची, आणि भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणायची, खोटारडीच ही, सिस्टरला फसवती तिथं माझी काय कथा. हे मी माझ्या कानानं ऐकलंय. पल्स पोलिओला तिच्या दारात उभी असताना. मी बाटलीचं झाकण लावलं आणि पुढच्या घरी गेले.

सात वर्षं अशी गेली. सारिकाचा रंग बदलत गेला. काळी न्हव्हती ती, पण चेहरा राखेसारखा काळवंडला. तिशीच्या आत साखर निघाली. डाव्या बरगडीखाली पोट दगडासारखं लागायचं. लोक म्हणायचे पांढऱ्या पायाची आहे, कुणी म्हणायचे बाहेरचं आहे. मी काय म्हणायचे? "खाण्याकडं लक्ष द्या." दुसरं काय म्हणणार होते?

मंग आरोग्य केंद्रात नवे डॉक्टर आले. पोरगेलेसे, बोलायला शांत. सारिका चक्कर येऊन पडली म्हणून तिला आणलं तेव्हा त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं, गालाची हाडं पाहिली, आणि रक्ताची एक वेगळीच तपासणी लिहून दिली. नमुना संभाजीनगरला गेला. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला आणि सारिकाला दोघींना समोर बसवलं.

थॅलेसेमिया, म्हणाले. मधल्या तीव्रतेचा. जन्मापासूनचा. आई आणि वडील दोघांकडून एकेक दोष आला की होतो. तिच्या रक्ताची घडणच वेगळी आहे, त्यामुळं रक्त कमीच राहणार, लोह कमी आहे म्हणून न्हव्हे. सारिकाला समजेल असं सांगत होते ते: "रक्त कमी असण्याची कारणं खूप असतात, ताई. कुणाला लोह कमी पडतं, त्याला गोळी देताच फरक पडतो. कुणाला बी-बारा कमी असतं, त्याला नुसतं लोह देऊन काय होणार? आणि तुमच्यासारख्यांच्या अंगात लोह आधीच जास्त असतं. तुमचं आतडं गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं. आणि शरीराला जादा लोह बाहेर टाकायची वाट नसते. ते साठत जातं. यकृतात, हृदयात, साखरेच्या ग्रंथीत. बाकीच्यांना जी गोळी औषध, ती तुम्हाला नको होती."

सारिका ऐकत होती. रिपोर्टात साठलेल्या लोहाचा आकडा होता, डॉक्टरांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. मंग त्यांनी तिच्या प्लास्टिकच्या पिशवीतून जुनं कार्ड काढलं. लाल पेन फिकं झालं होतं पण वाचता येत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, इथं तर ही गोळ्या घेत नव्हती असं लिहिलंय. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नव्हतं, हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर सात वर्षांपूर्वीच कळलं असतं."

सारिका म्हणाली, "मी खात होते साहेब. महिनाभर ह्यांच्यासमोर खाल्ल्यात. विचारा की ह्यांना."

दोघं माझ्याकडं बघून राह्यले. दुसरी संधी कुणाला मिळते हो? मला मिळाली होती. खुर्चीत बसल्या बसल्या, फक्त तोंड उघडायचं होतं.

"एवढ्या बाया असतात साहेब," मी म्हणाले. "मला काही आठवत न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली. सारिकानं मंग कार्ड पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि उठली.

मी क्वार्टरवर आले, दार लावलं आणि ट्रंकेतली जुनी डायरी काढली. न आठवणारी बाई डायरी शोधते का? ते पान होतं. तीस खुणा, एकाखाली एक, माझ्याच अक्षरात वर तिचं नाव. मी पान फाडलं, बारीक तुकडे केले आणि मोरीत पाणी ओतून सोडले. बाया गोळ्या टाकतात तसे.

डॉक्टर म्हणाले होते, भावंडांची तपासणी करा, रक्ताचं नातं आहे. ते काम माझं होतं, पाठपुरावा करायचं. मी पत्ता विचारला न्हाई, फोन केला न्हाई. सारिकानं केलं. अंगात त्राण न्हव्हतं तरी जालन्याला गेली, तिथून भोकरदनची बस धरली. धाकट्या बहिणीला चौथा महिना चालू होता, आणि तीपण लाल गोळ्या खात होती, रक्त वाढत न्हाई म्हणून दुप्पट. तिच्या सासरच्यांनी सारिकाला उंबऱ्यात उभं करून ऐकवलं — तू तुझ्या गावात गोळ्या फेकलेल्या, आता हिला शिकवायला आलीस काय? माझं वाक्य भोकरदनपर्यंत पोचलं होतं. ती हटली न्हाई. दिवसभर दारात बसून राह्यली, बहिणीच्या दिराला रिपोर्ट वाचून दाखवला, शेवटी बहिणीला घेऊन संभाजीनगरला गेली. तोच आजार निघाला. लोह बंद झालं, फॉलिक ॲसिड तेवढं चालू ठेवलं, वेळेवर डॉक्टर मिळाले. बहीण आज धडधाकट न्हाई, पण सारिकासारखी न्हाई.

आणि त्यांची आई. परत आल्यावर सारिकानंच मला हे सांगितलं, रडत-ओरडत न्हाई, नुसतं सांगितलं. ह्या दोघी बहिणींचा एक भाऊ होता, सगळ्यांत थोरला. असाच पांढरा पडायचा, पोट असंच फुगलेलं, सहाव्या वर्षी गेला. "आई त्या दिवशी तेच सांगायला आल्ती," ती म्हणाली. "लिंबाखाली थांबली होती. म्हणली सिस्टर कामात दिसल्या, कसं बोलावं."

मला राग कशाचा येतो सांगू? त्या आजाराचा येत न्हाई, तो जन्मानं आला, कुणी दिला न्हाई. राग येतो की एवढ्या वेळा खरं माझ्या दारात येऊन उभं राह्यलं — पावणेसातचा आकडा होऊन, तिची आई होऊन, ती स्वतः होऊन — आणि मी प्रत्येक वेळी रजिस्टरात मान घातली. आणि राग येतो तुमच्यासारख्यांचापण, हो, तुमचापण, जे आत्ता मनात म्हणत असाल की हिच्यावर कामाचा ताण असेल, गावं जास्त असतील, पगार वेळेवर येत नसेल. सगळं खरं आहे. त्यातल्या कशामुळंच मी खोटं बोलले न्हाई.

गेल्या वर्षी मी रिटायर झाले. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठेवला. हार, शाल, नारळ. सरपंच भाषणात म्हणाले, सिस्टरचा काय दरारा होता, गोळी गिळल्यावर जीभ दाखवावी लागायची! सगळा हॉल हसला. बाया हसल्या, त्यांच्या लेकी हसल्या. मीपण हसले. तोंडभर.

मंग बाया एकेक करून हळदीकुंकू लावायला आल्या. लाईन दारापर्यंत गेली होती. मधे सारिका होती. आता तिला अंगातलं लोह उतरवायच्या गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला संभाजीनगरची फेरी असते, जिना चढवत न्हाई, पोटाला साखरेचं इंजेक्शन स्वतःचं स्वतः घेते. कोयरी धरलेली तिची बोटं काळी पडली होती. तिनं मला हळद लावली, कुंकू लावलं, बराबर मधोमध. मंग वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला आठवतंय. मला माहितय."

ती थांबली. मागच्या बाया बोलत होत्या, फोटो काढणारा काहीतरी ओरडत होता, आमच्याकडं कुणाचं लक्ष न्हव्हतं. मी "हो" म्हणाले असते तर तिच्याशिवाय कुणाला कळलंपण नसतं.

मी म्हणाले, "सरक पुढं बाई, मागं लाईन आहे."

ती सरकली. मी पुढच्या बाईसमोर कपाळ केलं.